उंची नीट मोजणारा विभाग

पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या वजन-शस्त्रक्रिया विभागात, म्हणजे ज्याला आता सर्रास बॅरिएट्रिक विभाग म्हटले जाते तिथे, मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तपासण्यांसाठी जात होते. माझी शस्त्रक्रिया अजून झालेली नाही. त्यामुळे हे परीक्षण शस्त्रक्रियेचे नसून, शस्त्रक्रियेसाठी एखादी व्यक्ती पात्र आहे की नाही हे ठरवण्याची जी सेवा तिथे मिळते, तिचे आहे. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण मी अजून तिथली रुग्ण आहे आणि या परीक्षणात पुढे माझ्या काही तक्रारीही आल्या आहेत. माझे वय ४७ वर्षे आहे, मी सिंहगड रस्त्यावर राहते आणि एका कारखान्याच्या हिशेब खात्यात काम करते. मधुमेहाला नऊ वर्षे झाली, रक्तदाबाच्या गोळीला पाच, आणि वजन कमी करण्याचे प्रयत्न किती वर्षांचे आहेत हे मी मोजलेले नाही.

आधी दुसऱ्याच एका ठिकाणाविषयी सांगते, कारण त्याशिवाय या विभागाचे मोल कळणार नाही. एप्रिलमध्ये शहरातील एका केंद्राने भरवलेल्या मोफत वजन तपासणी शिबिराला मी गेले होते. तिथे मला चपलांसकट काट्यावर उभे केले आणि ९२.४ किलो असे लिहून घेतले. उंची मोजली नाही, विचारली. मी सवयीने पाच फूट पाच इंच असे सांगितले. ही उंची माझ्या लग्नाच्या बायोडेटातली आहे. एकवीस वर्षांपूर्वी माझ्या मावशीने पाच फूट चारला एक इंच स्वतःच्या अधिकारात जोडला होता आणि तेव्हापासून मी तो इंच सगळीकडे लिहीत आले आहे. त्या हिशेबाने बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ३३.९ आला. समोर बसलेल्या मुलीने, जी डॉक्टर नव्हती, पाच मिनिटांच्या आत स्लीव्ह शस्त्रक्रियेचे, म्हणजे जठर कापून लहान करण्याचे पॅकेज, मासिक हप्त्यांची सोय आणि त्याच महिन्यात नाव नोंदवल्यास मिळणारी सवलत असे सगळे सांगून टाकले. माझी साखर किती, रात्री झोप कशी लागते, छातीत जळजळते का, यांतले काहीही तिने विचारले नाही. मेडिक्लेमसाठी बीएमआय निदान ३५ लागतो हे मात्र तिला पाठ होते. ‘ते आम्ही कागदावर बसवून देऊ,’ असे ती म्हणाली, आणि ते इतक्या सहजपणे म्हणाली, की शिंपीणबाई ब्लाउजची बाही बसवून देते आहे असे वाटावे. मी हिशेब खात्यातली असल्यामुळे कागदावर बसवलेले आकडे पुढे कोणाच्या अंगावर येतात याची मला कल्पना आहे. मी तिथून उठले.

आता ज्या विभागाचे हे परीक्षण आहे, तिथली पहिली पाच मिनिटे. परिचारिकेने चपला काढायला लावल्या, पर्स बाजूला ठेवायला सांगितली आणि केसांतली मोठी क्लिपही काढायला लावली. टाचा, पाठ आणि डोक्याची मागची बाजू उभ्या पट्टीला टेकवून, नजर सरळ समोर ठेवायला सांगून तिने आडवी पट्टी डोक्यावर आणली, आकडा वाचला, मला खाली उतरवले आणि पुन्हा एकदा तेच सगळे केले. दोन्ही वेळा १६१ सेंटीमीटर. मावशीचा इंच गेला हे समजले, पण त्याखेरीज आणखी दीड सेंटीमीटर कुठे गेला हे मला ठाऊक नाही. वजन ९१.५ किलो भरले. म्हणजे वजन शिबिरातल्यापेक्षा कमी आणि बीएमआय मात्र ३५.३. बीएमआय काढताना किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात, त्यामुळे उंचीतली चूक जवळजवळ दुप्पट होऊन उत्तरात उतरते. वजनकाट्यासमोर श्वास रोखून उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे कधी सुचत नाही. जे एका ठिकाणी खोटे लिहून मिळवून देणार होते, ते दुसऱ्या ठिकाणी नुसते नीट मोजल्याने मिळाले. त्यानंतर तिने टेपने कंबर मोजली आणि गळ्याचा घेरही मोजला. गळ्याचे कारण मला पुढे कळले.

पात्रतेचे निकष शल्यचिकित्सकांनी पहिल्याच भेटीत, एका कोऱ्या कागदावर आकडे लिहून, घाई न करता समजावले. जगभर बराच काळ चालत आलेले निकष १९९१ सालचे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ च्या वर असून सोबत स्थूलतेमुळे आलेला गंभीर आजार, अशी मर्यादा ठरली होती. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून ती खाली आणली. आता ३५ च्या वर सोबत आजार असो वा नसो, शस्त्रक्रियेची शिफारस करता येते, आणि ३० ते ३५ च्या मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार करता येतो. आशियाई लोकांसाठी मात्र शिफारशीची मर्यादा त्याच निवेदनात २७.५ अशी वेगळी दिली आहे. आपल्याकडचे शल्यचिकित्सक सर्वसाधारणपणे ३५ ला आजाराविना, ३० ला दोन किंवा अधिक आजारांसह, आणि २७.५ ला केवळ औषधांनी आटोक्यात न येणारा मधुमेह असेल तरच, अशा पायऱ्या धरतात. डॉक्टरांनी त्या कागदावर माझे नाव ३५ च्या रेघेच्या किंचित वर लिहिले. मी तो कागद घरी आणला आहे.

भारतीयांसाठी आकडे खाली का, हा प्रश्न मी विचारला आणि उत्तर ऐकून थोडा पुणेरी अभिमानही वाटला. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही बीएमआय तंतोतंत २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या विसंगतीला वाय-वाय नाव पडले. दिसायला बारीक, पण आतून चरबी अधिक, आणि तीही पोटाच्या भोवती, अशी आपली घडण असल्यामुळे आपल्याला मधुमेह कमी वजनातच गाठतो. म्हणून कंबरेचा टेप. भारतीय स्त्रीसाठी ८० आणि पुरुषासाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. माझी कंबर किती भरली ते मी लिहिणार नाही, परीक्षणालाही काही मर्यादा असते.

त्या दिवशी माझ्यासोबत चोवीस वर्षांची भाची होती. तिने उत्साहाने स्वतःचेही वजन आणि उंची मोजून घेतली आणि बीएमआय २९ निघाल्यावर ‘मलाही चालेल का?’ असे डॉक्टरांना थेट विचारले. तिला मधुमेह नाही, रक्तदाब नाही. पाळी अनियमित आहे आणि अंडाशयावर गाठी आहेत. डॉक्टरांनी सरळ नाही म्हणून सांगितले, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे जायला सांगितले, आणि तिच्या भेटीचे शुल्क लावले नाही. मोफत शिबिरात तिला पॅकेज मिळाले असते याबद्दल मला शंका नाही.

बीएमआय हा केवळ दरवाजा आहे आणि आत गेल्यावर खरे काम सुरू होते, हे मला पुढच्या आठवड्यांत समजले. पहिला प्रश्न होता वजन वाढले कशामुळे. अंतःस्रावतज्ज्ञ, म्हणजे हार्मोनच्या विकारांच्या डॉक्टर बाईंनी थायरॉइडची तपासणी लिहून दिली, आणि चेहरा, मान, पोटावरचे व्रण बघून, कॉर्टिसोल वाढण्याचा कुशिंगचा आजार नाही ना याची खात्री करण्यासाठी रात्री एक गोळी घेऊन सकाळी रक्त द्यायची तपासणीही सांगितली. सर्वांना ती लागत नाही. माझ्या बाबतीत शंकेला जागा होती, आणि ती निघून गेली. त्यानंतर त्यांनी माझ्या औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. साखरेसाठी मी पाच वर्षे घेत असलेली एक गोळी वजन वाढवणाऱ्यांपैकी आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. पाच वर्षांत कोणाही डॉक्टरांनी ही पिशवी अशी ओतून पाहिली नव्हती.

त्याच बाईंनी इंजेक्शनांचा पर्याय स्वतःहून पुढे ठेवला. जिथे शस्त्रक्रिया विकायची असते तिथे हे घडत नाही. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि त्याच वर्षी जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड आपल्या बाजारात आले. आठवड्यातून एक टोचणी, वर्ष-दीड वर्ष घेतल्यास चाचण्यांमध्ये पहिल्याने सरासरी विसेक टक्के आणि दुसऱ्याने पंधराच्या आसपास वजन उतरले. शस्त्रक्रियेने ते साधारण पंचवीस ते तीस टक्के उतरते. इंजेक्शन थांबवले की उतरलेले बरेचसे वजन परत येते, आणि शस्त्रक्रियेनंतरही काही जणांचे थोडे परत येतेच. दोन्हींचे दर महिन्याचे गणित मी घरी मांडून पाहिले. इंजेक्शनाचे आकडे पाचव्या वर्षानंतर माझ्या पगाराला झेपणारे नव्हते, पण हा माझा हिशेब झाला. कोणाचा वेगळा येऊ शकतो.

तपासण्यांपैकी दोन मला विस्ताराने सांगाव्याशा वाटतात. पहिली एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर पाहण्याची. तिची तारीख विभागाने नेमकी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतानाची दिली, त्यामुळे उपाशीपोटी घरून डेक्कनपर्यंत पोहोचायला आम्हाला दीड तास लागला. माझ्या पोटात एक थेंब पाणी नव्हते आणि रिक्षाच्या बाजूने टाळ वाजवत चाललेले वारकरी रस्त्याकडेच्या मंडपातून राजगिऱ्याचे लाडू घेत होते. पुण्यातल्या रुग्णालयाच्या वेळापत्रकात पालखीचे दिवस अगोदर खुणावून ठेवलेले नसावेत याचे मला नवल वाटले. तपासणी मात्र उत्तम झाली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला दाह, जठराचा थोडा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला, आणि जठरात हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू, असे तीन निष्कर्ष निघाले. जंतूवर चौदा दिवसांचे औषध झाले. पहिल्या दोन गोष्टींनी शस्त्रक्रियेचा प्रकारच बदलला. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेली नळी अरुंद व जास्त दाबाची होते, त्यामुळे ज्यांना आधीच आम्ल वर येण्याचा त्रास आहे त्यांचा तो वाढण्याची भीती असते. अशा रुग्णाला बायपास बरा, ज्यात जठराचा छोटासा कप्पा वेगळा करून तो थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. शिबिरातल्या मुलीने मला स्लीव्हच दिली असती, आणि माझ्या छातीतली जळजळ जन्माची झाली असती.

दुसरी तपासणी झोपेची. गळ्याच्या घेराचे रहस्य इथे उलगडले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आठ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली भरून घेतली: घोरता का, दिवसा थकवा येतो का, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे का, रक्तदाब आहे का, आणि मग बीएमआय, वय, गळा, लिंग. माझ्याऐवजी माझ्या यजमानांनीच पहिली तीन उत्तरे दिली. एक रात्र डोक्याला, छातीला आणि बोटाला तारा जोडून मी रुग्णालयात झोपले, आणि अहवालात आले की दर तासाला सरासरी ३४ वेळा माझा श्वास अडत होता किंवा उथळ होत होता. तिसाच्या वर गेले की तो विकार तीव्र समजतात. भूल आणि वेदनाशामक औषधे घशाचे स्नायू सैल करतात, त्यामुळे हा विकार माहीत नसताना शस्त्रक्रिया झाली तर पहिल्या रात्री श्वास बंद पडण्याचा धोका असतो. आता मी रोज रात्री हवेचा दाब देणारे यंत्र नाकाला लावून झोपते. पहिल्या आठवड्यात ते तीनदा काढून फेकले. सहाव्या आठवड्यात, दुपारी कार्यालयात पेंग येत नाही, हे लक्षात आले. शस्त्रक्रिया झाली नाही तरी एवढी एक गोष्ट या विभागाने मला दिलीच आहे.

बाकी तपासण्या भराभर झाल्या. हृदयाचा आलेख आणि टूडी एको साधारण ठीक. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नाहीत, पण यकृतावर चरबी आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे फार कमी उष्मांकांचा आहार घ्यावा लागतो. यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो, आणि त्यातली चरबी उतरली की दुर्बिणीतून काम करताना तो उचलणे सोपे जाते. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.१ टक्के निघाली, ती आठच्या खाली आणायला सांगितली. ड जीवनसत्त्व ११ आणि बी १२ दीडशेच्या घरात, म्हणजे दोन्ही कमी. शाकाहार आणि मधुमेहाची नेहमीची गोळी ही बी १२ कमी असण्याची दोन कारणे सांगितली. शस्त्रक्रियेनंतर शोषण आणखी घटते म्हणून कमतरता आधी भरून काढावी लागते आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. माझ्या गैरसमजुतीप्रमाणे ऑपरेशन झाले की गोळ्या सुटणार होत्या. काही सुटतात, काही नव्याने मागे लागतात. धोक्याचा आकडाही न विचारता मिळाला: अनुभवी हातांत मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास, आणि टाक्यातून गळती होण्याचा त्याहून जास्त.

आहारतज्ज्ञांनी सात दिवसांची खाण्याची वही ठेवायला सांगितली. पहिल्या भेटीत मी दिवसाला दोन कप चहा असे सांगितले होते. वहीत तो सहा निघाला, कारण कार्यालयातला अर्धा कप मी कप धरतच नव्हते. चतुर्थी आणि एकादशीच्या नोंदी पाहून त्या हसल्या नाहीत, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि उपवासाच्या दिवशी माझी साखर सर्वांत वर जाते, हे त्यांनी माझ्याच ग्लुकोमीटरच्या नोंदी शेजारी ठेवून दाखवले. शस्त्रक्रियेनंतर रोज निदान ६० ग्रॅम प्रथिने लागतील. वाटीभर आमटीत पाच-सहा ग्रॅम आणि शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, हे गणित मांडल्यावर पावडर घ्यावीच लागणार हे उघड झाले. पहिले दोन आठवडे पातळ, नंतर वाटून मऊसर केलेले, मग मऊ भात-भाजी, आणि पुढे कायमच जेवताना पाणी नाही, जेवणाआधी व नंतर अर्धा तास नाही. त्यांनी मला त्याच दिवसापासून एक घास वीस वेळा चावण्याचा सराव करायला लावला. आमच्या घरी चौघे जेवायला बसतात आणि मी पोळीच्या चौथ्या घासावर असताना बाकीचे उठलेले असतात.

मानसोपचारतज्ज्ञांची भेट म्हणजे एक औपचारिकता असेल असे मला वाटले होते. ती एक तास दहा मिनिटे चालली. रागात खाता का, रात्री उठून खाता का, एकदा सुरू केले की थांबता येत नाही असे होते का, दारू, तंबाखू, पूर्वीचे नैराश्य, याआधी किती उपाय मध्येच सोडले, हे सगळे त्यांनी विचारले. आवरता न येणारे खाणे, उपचार न घेतलेला गंभीर मानसिक आजार किंवा चालू व्यसन असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, म्हणून ती चौकशी बायकांनाही तितक्याच बारकाईने होते. एका मुलीला पुढच्या वर्षी मूल हवे होते, तिला वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागेल असे सांगून विचार करायला घरी पाठवल्याचेही त्या ओघात म्हणाल्या. शेवटी त्यांनी माझ्या यजमानांना आत बोलावून एकच प्रश्न विचारला: ‘या अर्धीच पोळी खाऊन उठल्या, तर तुम्ही काय म्हणाल?’

‘आग्रह करीन,’ हे म्हणाले.

बाईंनी ते तसेच लिहून घेतले. पुढच्या भेटीला त्यांनी सासूबाईंनाही बोलावले. आमच्या घरात आग्रह हा प्रेमाचा एकमेव बोलका प्रकार आहे, आणि तो थांबवायचा म्हणजे काय, यावर सासूबाई आणि त्या तरुण डॉक्टर यांच्यात झालेले संभाषण मी दाराबाहेर बसून सगळे ऐकले. ऐकू आले, कारण त्या खोलीला भिंत नाही, प्लायवुडचे पार्टिशन आहे. ही माझी पहिली तक्रार. जिथे माणूस आयुष्यात पहिल्यांदा खरे बोलतो, तिथले शब्द बाहेर फॉर्म भरणाऱ्या अनोळखी लोकांपर्यंत पोहोचू नयेत. मी लेखी कळवले आहे. ‘नोंद घेतली’ असे उत्तर आले.

दुसरी तक्रार खर्चाच्या मांडणीची. दहा आठवड्यांत तपासण्या आणि भेटी मिळून ३४ हजारांच्या आसपास खर्च झाला. तो अवास्तव नाही, पण सुरुवातीला एकत्रित अंदाज कोणीही दिला नाही. प्रत्येक वेळी खिडकीवर नवा आकडा कळला. माझ्या पॉलिसीत दाखल होण्याआधीच्या ६० दिवसांचाच खर्च मिळतो. म्हणजे झोपेची तपासणी आणि एन्डोस्कोपी या सर्वांत महागड्या पावत्या मुदतीबाहेर गेल्या. ज्यांना जायचे आहे त्यांनी आपल्या पॉलिसीतली ही मुदत पहिल्या भेटीआधी वाचावी आणि समन्वयकाला सांगून तपासण्यांचा क्रम त्याप्रमाणे लावून घ्यावा.

विम्याच्या बाबतीत मात्र विभागाची समन्वयक मुलगी हुशार आणि सरळ निघाली. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित कलमात आजही जुनेच आकडे आहेत: वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४०, किंवा ३५ असून हृदयस्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र झोपश्वास विकार किंवा अनियंत्रित मधुमेह यांपैकी काहीतरी, आणि तेही साधे उपाय निष्फळ ठरल्यावर. म्हणजे बीएमआय ३३ आणि सोबत दोन आजार असलेला माणूस वैद्यकशास्त्राला पात्र आहे, विमा कंपनीला नाही. साधे उपाय निष्फळ ठरल्याचा पुरावा म्हणून तिने माझ्याकडून जुन्या आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या आणि व्यायामशाळेच्या तीन पावत्या मागून घेतल्या. तीन व्यायामशाळा, प्रत्येकी वार्षिक वर्गणी, प्रत्येकी एक महिना. इतक्या वर्षांनी त्या पैशांचा काहीतरी उपयोग झाला.

आणि आता एक पेच आहे, जो मला हिशेबनीस म्हणून फार आवडतो आणि रुग्ण म्हणून अजिबात आवडत नाही. डॉक्टर म्हणतात साखर आठच्या खाली आणा; विमा कंपनीला ती अनियंत्रित हवी. हे झोपेच्या अहवालाने निभावेल. पण माझ्या उंचीला बीएमआय ३५ म्हणजे ९०.७ किलो, मी त्या रेघेच्या वर आहे ती केवळ पाऊण किलोने. शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवड्यांचे पथ्य मी प्रामाणिकपणे पाळले, तर दाखल होण्याच्या दिवशी मी रेघेच्या खाली असणार. कोणत्या तारखेचे वजन धरणार, हे समन्वयकाने कंपनीला ई-मेलने लेखी विचारले आहे, सोबत पहिल्या दिवशीची डॉक्टरांच्या सहीची मोजमापे जोडली आहेत. उत्तर अजून आलेले नाही. तोवर जाणूनबुजून वजन वाढवू नका, असे तिने मला बजावले. असे काही लोक करतात, हे तिच्या चेहऱ्यावरून कळले.

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी शल्यचिकित्सक, अंतःस्रावतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची एकत्र बैठक झाली आणि मला एक पानी पत्र मिळाले. पात्र, बायपाससाठी, तीन अटींवर: झोपेच्या यंत्राचा सहा आठवड्यांचा नियमित वापर, तोही यंत्रातल्या नोंदीवरून तपासून, साखर आठच्या खाली, आणि ड व बी १२ यांची फेरतपासणी. पुढची भेट दसऱ्यानंतर. पत्राखाली पाचही सह्या आहेत, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या सहीपुढे हाताने लिहिले आहे, ‘घरातील आग्रह: फेरभेट आवश्यक.’

पाचपैकी मी चार तारे देते. एक तारा पार्टिशनचा आणि खर्चाच्या अंदाजाचा मिळून कापला आहे. पालखीचा कापलेला नाही, ते माझेही बघायचे राहिले होते. वाहनतळ अपुरा आहे, शनिवारी जाऊ नये.

भाचीसाठी सध्या स्थळे बघणे चालू आहे आणि मावशीने तिचाही बायोडेटा लिहायला घेतला आहे. उंचीच्या रकान्यात रुग्णालयातल्या पट्टीवरचाच आकडा जाईल, असे मी दोघींना सांगून ठेवले आहे.